जागेचा घास

देवी जेवायला बसल्या की त्या घरात बांगडीसुद्धा वाजू द्यायची नाही.

दुपारचे दोन वाजून गेले होते. आतल्या खोलीत ज्येष्ठा-कनिष्ठा जरीचे शालू नेसून उभ्या होत्या. पुढ्यात दोन ताटं, सोळा भाज्यांचा ढीग, पुरणाच्या पोळ्या, चांदीच्या दोन वाट्यांत आंबील. आणि मधे लाल पडदा ओढलेला. अर्धा तास पडद्याआड कुणी जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. बाहेर मांडवात तेल्हाऱ्यातले पन्नासेक पाहुणे मुक्यानं बसले होते. वारा पडला होता. भादव्याचं ऊन ढगांच्या मागून गाळून आल्यासारखं येत होतं, त्यामुळे माणसांना, खांबांना, तुळशीला कशालाच सावली नव्हती.

त्या शांततेत सीमा थरथरायला लागली.

बैठकीच्या भिंतीला टेकून बसली होती ती. आधी गुडघे हलले, मग खांदे, मग दात वाजू लागले. कपाळावरचा घाम कुंकवात उतरला आणि एक लाल ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. शेजारच्या बाया एकदम मागे सरकल्या. कुणीतरी पदर डोक्यावर ओढला.

"आली," किसनकाका पुटपुटले. सीमाच्या सासऱ्यांचे, नत्थुजींचे चुलतभाऊ ते. नत्थुजी गेल्यापासून घरातल्या देवाधर्माचा शब्द त्यांचाच. "आई आली. कुंकू आना, हयद आना. आवाज नका करू."

त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. दरवर्षी याच दिवशी, याच भिंतीपाशी देवी अंगात यायची. बावीस वर्षं ती सासूच्या, कौशल्याबाईंच्या अंगात आली. त्यांचं कुंकू पुसलं गेलं, तशी देवीनं घर तेच ठेवलं, फक्त अंग बदललं. थोरल्या सुनेच्या, सीमाच्या अंगात येऊ लागली. यंदाचं तिसरं वर्ष.

पण रागिणी कुंकू आणायला उठली नाही. धाकटी जाऊ ती. सगळे मागे सरकले तेव्हा ती एकटीच पुढे सरकली आणि तिनं सीमाचं मनगट धरलं. तव्यावर बोट पडावं तसं झालं. नाडी मोजता येईना. चिमणी मुठीत धरल्यावर फडफडते, तशी ती फडफडत होती.

ती उठली, आपल्या पर्समधून कोरोनातली ती बोटाला लावायची चिमटी आणली आणि कुंकवानं भरलेल्या त्या बोटाला लावली. एकशे अडतीस.

"दादा," ती सीमाच्या नवऱ्याच्या, किशोरच्या कानाशी जाऊन म्हणाली, "हे पाहा. एकशे अडतीस ठोके हायेत. बसल्या जागी."

किशोरनं पाहिलं आणि नजर फिरवली. "जुनी मशीन हाये ते. सेल उतरले असंन."

"माह्या बोटाले ब्याऐंशी दाखवून राहिली. लावून पाहू तुमच्या?"

"रागिणी, हयू बोल. देव्या जेवून राहिल्या."

"कालच्या रातीपासून ताईचं पोट दुखून राहिलं. सकायपासून डावा खांदा. मले म्हनल्या, कोनाले सांगू नको, सन हाये. आता ताप हाये, दम लागून राहिला. दादा, अमरावतीहून निंघताना त्या सिस्टरनं कागद मह्याकडून वाचून घेतला होता. ठोके एकशे वीसच्या वर, ताप, खांद्यात दुखनं, दम. यातलं एकही झालं तर थांबायचं नाई, सरळ दवाखाना. इथी तर चारही झाले!"

"अन् मांडवातल्या लोकाइले काय सांगू?"

मांडवातल्या लोकांना सांगून झालं होतं की सीमाच्या पित्ताचे खडे काढले. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली, वजनासाठी केली, हे घराच्या चार भिंतींना आणि त्यातल्या पाच माणसांना ठाऊक होतं. दवाखान्याची फाइलसुद्धा कुणाच्या हाती लागू नये म्हणून कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवली होती. आणि ते कपाट आतल्या खोलीत होतं. देवींच्या मागे.

"कागद कागद करते," किशोर म्हणाला. "आन मंग कागद. दाखव कुठी लिहिलं हाये."

रागिणीनं लाल पडद्याकडे पाहिलं. पडदा हलत नव्हता.

*

किशोर वाईट माणूस नव्हता, तो भ्यालेला होता. दहा दिवसांपूर्वी अमरावतीच्या त्या दवाखान्यात सही करताना त्यानं पेन दोनदा खाली ठेवलं होतं. सीमाच म्हणाली होती, "करा सही. साखरेची सुई टोचून टोचून थकली मी. जिना चढता येत नाई. लोक हसतात त्याचं काई नाई, मले माह्या पोरीच्या लग्नात उभं राहाचं हाये." आता काही झालं तर साऱ्या तालुक्यानं म्हटलं असतं, चांगल्या चालत्याबोलत्या बाईला किशोरनं कापायला नेलं. त्यामुळे हे दुखणं नसावं, देवी असावी, असं त्याला वाटत होतं. इतकं वाटत होतं की हळूहळू ते खरंच दिसू लागलं. ते अर्धवट मिटलेले डोळे, ती मान. मागच्या वर्षी अशीच तर होती.

आणि नसलीच देवी, तर मग साधं काहीतरी.

"गॅस झाला असंन," तो नितेशला म्हणाला. धाकटा भाऊ दारात उभा राहून कधी बायकोकडे, कधी भावाकडे बघत होता. "पानी पोटात गेलं नाई, उपास घडला, गॅस झाला. अर्धा तास जाऊ दे. पडदा उघडला की पाहू. लई झालं तर उद्या सकायी अमरावतीले नेऊ."

"दादा, रागिणी काय म्हनून राहिली ते आइक तरी..."

"तुह्या बायकोचं आइकायचं का आता मी? तिचा पाय..."

तो थांबला. पण थांबलेलं वाक्य सगळ्यांना पुढपर्यंत ऐकू गेलं. तीन वर्षांपूर्वी नितेश-रागिणीच्या लग्नाच्या दिवशी नत्थुजींच्या जबड्यात कळ आली होती, घाम सुटला होता. अक्षता पडू द्या, मग जाऊ, असं ठरलं होतं. हिंग दिला, सोडा दिला. अक्षता पडल्या. अकोटच्या अलीकडे गाडीतच त्यांनी मान टाकली. तेव्हापासून रागिणीचा पाय पांढरा. तिच्या शब्दाला या घरात उष्ट्या पत्रावळीएवढंही वजन नव्हतं.

किसनकाका सीमापुढे मांडी घालून बसले होते. दोन्ही हात जोडून त्यांनी हळूच विचारलं, "आई, जेठी हायेस का कनिठी?"

सीमाचे ओठ हलले.

"काय चुकलं आमचं आई? काय पाह्यजे?"

"जागा..." सीमा म्हणाली. आवाज तिचा नव्हता. खोल विहिरीत भांडं बुडावं तसा होता. "जागा नाई."

बायांच्या अंगावर काटा आला. किसनकाकांनी किशोरकडे वळून पाहिलं, डोळे पाण्यानं भरलेले. "आइकलं? आईले जागा पाह्यजे. तीन दिवसांची पाहुनी म्हनून नाई राहाचं तिले. बोल काई, लेका."

"बांधतो आई," किशोर घाईनं म्हणाला आणि त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. "ओट्यावर देऊय बांधतो. यंदाच्या कापसावर बांधतो."

कुणीतरी सीमाच्या कपाळावर आणखी हळद लावली.

*

सीमाला हे सगळं दिसत होतं, पण फार दुरून, ओढ्याच्या पलीकडच्या काठावरून दिसावं तसं.

तिच्या डाव्या खांद्यात कुणीतरी विळा अडकवून ठेवला होता. श्वास अर्ध्यावर येऊन परत फिरत होता. तिला सांगायचं होतं, मले न्या, पण शब्द ओठांपर्यंत येईतो त्यातलं पाणी आटून जायचं.

आणि मग तिनं तिला पाहिलं.

धाकटी पडद्याबाहेर येऊन उंबऱ्यात उभी होती. कनिष्ठा. तोच मोरपंखी शालू, सीमानंच काल निऱ्या घातलेला. मुखवट्याला डोळे रंगवलेले असतात, ते पापणी लववत नाहीत. हिचेही लवत नव्हते. मागची दोन वर्षं ती अशी उभी राहिली नव्हती. वाऱ्यासारखी आली होती, सीमाच्या अंगातून वाट काढत गेली होती, आणि सीमाला कळायच्या आत दिवस मावळला होता.

आज ती आत येत नव्हती.

"ये न," सीमा मनातल्या मनात म्हणाली. "काहून थांबली?"

"कुठं येऊ?" धाकटी म्हणाली. "जागा कुठं ठेवलीस? तुझ्यात तर आधीच कुणी बसलंय."

"कोन?"

धाकटीनं सांगितलं नाही. फक्त एक पाऊल मागे सरकली. तिच्या खालच्या ओठाला काहीतरी पांढरं लागलं होतं. मूल दूध पिऊन तोंड पुसायचं विसरतं, तसं.

*

कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. विधवा बाईनं या दिवशी देवींच्या पुढं यायचं नसतं. सोळाही भाज्या त्यांनी निवडल्या होत्या, आंबील त्यांनी घाटली होती, पण वाढायला हात दुसऱ्यांचे. तिथं बसून त्या सारं ऐकत होत्या. त्यातले तीन शब्द मात्र त्यांच्या कानात शिरले आणि तिथंच राहिले.

गॅस झाला असंन.

नत्थुजींच्या वेळीही हेच शब्द होते. हाच मुलगा होता. अक्षता पडू द्या, पडदा उघडू द्या.

पण त्यांना उठू देत नव्हतं ते दुसरंच. या घरातल्या बाईला देवी झेलायची असेल, तर आवाहनाच्या संध्याकाळी आधीच्या बाईच्या हातून एक घास घ्यायचा. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. जागेचा घास म्हणत त्याला. त्या घासानं देवीला बसायला जागा होते. काल संध्याकाळी सीमा म्हणाली होती, "आई, मले दोन हप्ते निस्तं पातय पानी सांगितलं हाये वो." आणि कौशल्याबाई म्हणाल्या होत्या, "एका घासानं काय होते माय? देवीचा हाये." मऊ करून भरवला होता त्यांनी. बोट लावून.

म्हणून ही देवीच असू दे, असं त्याही म्हणत होत्या. किशोरइतक्याच जिवाच्या आकांतानं. माय-लेक दोघं एकाच खांबाला धरून बसले होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

सीमानं उजव्या हातानं डावा खांदा दाबला. डोळे न उघडता. झोपेतलं मूल दुखरा कान दाबतं, तसा.

कौशल्याबाई उठल्या.

भर बैठकीत, पांढऱ्या कपाळानं, त्या सरळ सुनेपाशी आल्या. किसनकाका दचकले. "वयनी! तुमी इथी कावून आल्या? देव्या जेवून..."

"सरका भाऊजी." त्यांनी सीमाची हनुवटी वर केली. "सीमा. कुठी दुखते?"

ओठ हलले. "खांदा... आई, खांदा."

कौशल्याबाईंनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्या मुक्या घरात तो मांडवापर्यंत गेला.

"बावीस साल मह्या अंगात आली ते. उभी राहाची तवा पायाखाली इस्तू असला तरी कयाचं नाई. कुठीच दुखत नाई तवा. देवीचा खांदा दुखत नाई." त्यांनी सीमाच्या कपाळावरची हळद आपल्या पदरानं पुसून टाकली. "हे देवी नोहे. हे माही सून हाये, अन् ते मरून राहिली."

"वयनी, आई कोपंन..."

"कोपू द्या. तिले मी समजावीन. रागिणी, त्या कागदात अजून काय हाये?"

"नंबर हाये आई. कवाही फोन करा म्हनले होते. पन फाइल..." तिनं पडद्याकडे बोट केलं.

कौशल्याबाईंनी पडदा बाजूला केला आणि त्या आत गेल्या. पडदा त्यांच्या मागे मिटला.

आत गारवा होता. भादव्यात नसतो तसा, माघातल्या पहाटेचा. समईची ज्योत सरळ उभी होती. कौशल्याबाईंनी मान वर केली नाही. ताटांच्या कडेनं, भिंतीला घासत त्या कपाटापाशी गेल्या. साड्यांखालची फाइल ओढली. परत फिरताना मात्र नजर खाली गेली.

थोरलीचं ताट भरलेलं होतं. धाकटीचंही भरलेलं होतं. पोळी तशीच, भाज्या तशाच. फक्त धाकटीपुढची आंबिलीची वाटी रिकामी होती. सांडलेली नव्हती. बोट फिरवून पुसून घ्यावी, तशी स्वच्छ रिकामी.

त्यांनी मुखवट्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय तिथंच रुतले असते. एकच गोष्ट त्यांना लख्ख कळली: पडदा उघडल्यावर ही वाटी कुणी पाहिली, तर ओरडा होईल, लोक पायांवर लोळण घेतील, आणि मग सीमाला या घरातून कुणी हलवू देणार नाही. त्यांनी वाटी उचलली, पदरात बांधली आणि फाइल घेऊन बाहेर आल्या.

*

फोन रागिणीनं लावला. स्पीकरवर. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चार प्रश्न विचारले आणि पाचवा विचारलाच नाही.

"अमरावतीला आणत बसू नका. तुम्हाला अकोला जवळ आहे. थेट तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. मी त्यांच्याशी बोलते. तोंडानं काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. पडदा वगैरे जे काय म्हणताय, ते उघडेपर्यंत थांबू नका. निघालात का?"

"निंघालो," रागिणी म्हणाली, आणि तिनं किशोरकडे पाहिलं.

किशोरनं आईकडे पाहिलं. मग सीमाकडे. हळद पुसल्यावर खालचा चेहरा दिसत होता, राखेच्या रंगाचा. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचलायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा नितेशनं पाय धरले. दोघं भाऊ तिला घेऊन मांडवात आले. नितेशच्या गाडीपुढे पाहुण्यांच्या मोटरसायकली लागल्या होत्या. कुणीतरी उठून कुजबुजलं, "काय झालं किशोरभाऊ? पित्त वाढलं का?"

किशोर थांबला. जेमतेम एक श्वास.

"पित्त नाई," तो म्हणाला, आता मोठ्यानं. "वजनासाठी ऑपरेशन केलं तिचं. पोटाची पिशवी शिवली हाये. ते शिवन उसवली असंन. गाड्या हटवा. लवकर हटवा बाप्पा!"

पन्नास माणसं एकदम उठली. देवी जेवत असताना त्या घरात एवढा आवाज कधीच झाला नव्हता.

तेल्हारा ते अकोट रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला सीमा कण्हत होती. कौशल्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कण्हणं थांबलं की त्यांचा श्वास थांबायचा. अकोटच्या अलीकडचं ते कडुनिंबाचं झाड आलं, जिथं नत्थुजींनी मान टाकली होती. नितेशनं झाडाकडे न पाहता गियर बदलला. कौशल्याबाईंना आपल्या मायच्या तोंडची ओवी आठवली, आणि ती त्या सीमाच्या कानाशी म्हणू लागल्या, म्हणजे सीमा ऐकत राहील:

लेक आली गं माहेरा, तिले पुसू नये भूक,
तिच्या पापणीच्या काठी वाचावं गं तिचं दुःख.

झाड मागे गेलं. सीमा कण्हली. कौशल्याबाईंनी श्वास सोडला.

अकोल्यात स्ट्रेचर दारातच उभा होता. तरुण डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि विचारलं, "शेवटचं काय खाल्लं? खरं सांगा, पातळ होतं की घट्ट?"

"पातयच," किशोर म्हणाला. "पानी अन् ताक."

"भाकर," कौशल्याबाई म्हणाल्या. "काल संध्याकायी. ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी. एक घास. मी भरवला."

किशोर वळला. रागिणी वळली. डॉक्टरनं कागदावर लिहिलं.

"त्यानंच झालं का वो?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, आजी. कधी आपोआपही उसवतं." तो स्ट्रेचरबरोबर चालू लागला होता. "अजून दोन-तीन तास घरी ठेवलं असतं, तर मात्र काय झालं असतं ते मी आत्ताही सांगू शकतो."

दार मिटलं. बाकावर चौघंजण होते. रागिणी उठली, सासूच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं आपला हात त्यांच्या मांडीवर ठेवला. कौशल्याबाईंनी तो हात तीन वर्षांत पहिल्यांदा धरला.

*

देवींची पाठवणी दुसऱ्या दिवशी झाली. तेल्हाऱ्याहून किसनकाकांचा फोन आला, की सारं नीट झालं, फक्त धाकटीपुढची एक वाटी सापडत नाही. पाहुण्यांपैकी कुणी नेली असेल.

"असंन," कौशल्याबाई म्हणाल्या.

दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी सीमाला नीट शुद्ध आली. नाकात नळी, पोटाला दोन नळ्या. आत एकावेळी एकालाच सोडत होते. कौशल्याबाई गेल्या, उशाशी उभ्या राहिल्या. सिस्टरनं सांगितलं होतं, बोलू देऊ नका, ओठ कोरडे पडले तर ओल्या बोळ्यानं पुसा.

सीमानं मान त्यांच्याकडे वळवली. मग तिनं आपल्या नेहमीच्या, थोड्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "आई, वाटी आनली का तुमी?"

कौशल्याबाईंच्या हातातली पिशवी जड झाली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रागिणीलाही नाही.

"कोनती वाटी, माय?"

"तिनं पेली ते." सीमा डोळे मिटून म्हणाली. "भूक लागली होती म्हने तिले. मह्यात जागा नवती, म्हनून बाहीरच पेली. मले म्हने, तुह्या सासूले सांग, म्या रागावली नाई."

यंत्र टिकटिकत होतं. पडद्यावर आकडा होता, ब्याण्णव.

कौशल्याबाईंनी पिशवीतून चांदीची वाटी काढली. पाच दिवस ती पदराच्या गाठीतून पिशवीत, पिशवीतून उशाखाली फिरली होती. धुवायचा धीर त्यांना झाला नव्हता, आणि धुवायला तिला काही लागलेलंही नव्हतं. त्यांनी तिच्यात बाटलीतलं पाणी ओतलं, कापसाचा बोळा भिजवला, पिळला, आणि सुनेच्या ओठांवरून हलकेच फिरवला.

"घास नाई," त्या म्हणाल्या. "निस्तं ओलं."